बार कोणाचा?

दत्तात्रेयशेटनी पिवळ्या फडक्यातली रायफल काउंटरवर ठेवली तशी खालची काच थरथरली. जितेशने ती दोन्ही हातांनी उचलली, उजव्या खांद्याला लावली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादशीवर नेम धरला. चार श्वास एकादशी टिकली. पाचव्याला नळी खाली घसरली आणि टोकावरची नेम धरायची माशी भलत्याच वारावर जाऊन बसली.

“वजन हाय,” तो म्हणाला.

“वजन आहे म्हणूनच नेम आहे,” दत्तात्रेयशेट म्हणाले. पेणच्या या गल्लीत त्यांच्या वडिलांपासूनचं बंदुकांचं दुकान होतं. समोरच गणपतीचा कारखाना, त्यामुळे काउंटरवर बारा महिने पांढरी धूळ बसायची आणि ती पुसण्यात शेटचा अर्धा दिवस जायचा. आत्ताही ते बोलता बोलता पुसतच होते. “पावणेचार किलो. जड हत्यार गोळी सुटताना जागचं हलत नाही. दीडशे पावलांवरून डुक्कर घ्या, पाडणार. बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, की दुसरी गोळी तयार.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या त्याच्या वडिलांनी, बाबाजींनी, मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे एकाहत्तर वर्षांच्या त्या मानेवरून त्यांच्या बायकोलाही आजवर नक्की सांगता आलेलं नव्हतं.

जितेशला मात्र तो होकारच वाटला. आज त्याला सगळंच होकारासारखं वाटत होतं. नागोठण्याच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून तो घरी न जाता थेट पेणला उतरला होता. डोळे चुरचुरत होते, पण झोप जवळ फिरकत नव्हती. वडिलांना नवी बंदूक घेऊन द्यायचा दिवस काही रोज उगवत नाही.

गागोद्याच्या अलीकडे, डोंगराला पाठ टेकून त्यांचं गाव. पावसाळ्यात भात आणि भात निघालं की वाल, आणि दोन्हीवर रानडुकरांचा डोळा. शेताच्या राखणीसाठी मिळालेला बंदुकीचा परवाना गावात एकच होता, बाबाजींच्या नावाचा. बंदूक एक आणि तिच्याविषयी बोलणारी तोंडं दीडशे. डुक्कर मारायचा वनखात्याचा पास हातात आला की बाबाजी शेतातल्या उंच माळ्यावर बसायचे, इतर शेतकरी आपापल्या माळ्यांवर जागे राहायचे. बार उडाला की शेजारच्या माळ्यावरून हाळी यायची, “बार कोणाचाऽ?” ही गावाची जुनी रीत. उत्तरात नाव आलं की ते एका माळ्याने दुसऱ्याला सांगायचं, असं करत करत नाव वेशीपर्यंत पोचायचं आणि गाव निर्धास्त व्हायचं. उत्तर आलंच नाही तर बार चोराचा, मग सगळ्यांनी काठ्या घेऊन धावायचं.

गेली पस्तीस वर्षं उत्तर एकच होतं, “बाबाजीचाऽ!” ते द्यायचा चंदर. हा कातकरवाडीतला माणूस बाबाजींच्या जोडीला असायचा. माग तो काढायचा, बंदूक तो वाहायचा, आणि बाबाजींचा आवाज घोगरा म्हणून हाळीही त्याच्याच खणखणीत गळ्यातून जायची. एक बार, एक जनावर, अशी बाबाजींची ख्याती होती. वाल निघाले की घरोघरची एक पायली त्यांच्या ओटीवर येऊन पडायची. तिला गाव ‘बंदुकीची पायली’ म्हणायचं.

हे सगळं नागोठण्याच्या कंपनीतही सर्वांना पाठ होतं. कॅन्टीनमध्ये ज्याने बाबाजींच्या बाराची गोष्ट ऐकली नाही, तो नक्कीच कालच कामाला लागलेला असणार. जितेशची छाती ती गोष्ट सांगताना अजूनही फुगायची. त्याच्या मनात एकच होतं. आबांनंतर त्या हाळीला ‘जितेशचाऽ’ असं उत्तर जावं. बेचाळिसाव्या वर्षी अशी इच्छा बोलून दाखवायला लाज वाटते, म्हणून ती त्याने फक्त नूतनला, बायकोला सांगितली होती. ती हसली नाही यातच त्याला सगळं मिळालं होतं.

यंदा जुनी एकनळी बंदूक संपली. रोह्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने नळीतून उजेड बघितला आणि हातच जोडले. हिला आता देव्हाऱ्यात ठेवा, शेतात नेऊ नका, म्हणाला. परत येताना गाडीत जितेशने सांगून टाकलं, नवी मी घेतो, बोनस आलाय. बाबाजी खिडकीबाहेर बघत राहिले होते.

“हलकी नाय काय?” आता त्यांनी स्टुलावरून विचारलं.

दत्तात्रेयशेटनी पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग आतल्या कपाटातून त्यांनी एक सडपातळ रायफल आणली. अक्रोडी दस्ता, त्यावर हात फिरून फिरून आलेली चकाकी, आणि बाहेर कुठेही बोल्टचा दांडा नाही.

“सेमी-ऑटोमॅटिक. अलिबागच्या एका डॉक्टरांची होती. गोळ्या दस्त्यातून भरायच्या आणि नुसता चाप ओढत राहायचा, पुढची गोळी आपोआप चढते. सव्वादोन किलो. परवान्यात बसते, मी तपासलंय.”

जितेशने ती हातात घेतली आणि त्याचे डोळे लकाकले. मोबाइलवर असल्या रायफलींचे व्हिडिओ त्याने रात्रपाळीत कितीतरी पाहिले होते.

“पण मी तुम्हाला देणार नाही, बाबाजी,” शेट म्हणाले. “लहान बोअर आहे, गोळी बारीक. लांबून मारलीत तर डुक्कर नुसतं चिडेल. वीस-पंचवीस पावलांत जायला हवं आणि गोळी कानामागेच बसायला हवी. त्यात हलकं हत्यार श्वासाबरोबर हलतं. तुमच्या वयाला जडच बरी. माळ्यावर टेकवायची, चालायचं काम नाही.”

“आन् श्वास धरता येत असंल तर?”

“कोणाला?”

बाबाजी स्टुलावर पुढे सरकले. “आन् दबकत जवळ जाता येत असंल तर?”

शेटची नजर बाबाजींच्या गुडघ्याशी टेकवलेल्या काठीवर गेली आणि तिथून जितेशवर आली. जितेशच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आबा आपल्यासाठीच निवडतायत, त्याच्या मनात आलं. त्याने रायफल खांद्याला लावली, श्वास रोखला आणि एकादशी पकडून ठेवली. अकरा मोजेपर्यंत माशी हलली नाही. रस्सीखेचीत कंपनीचं बक्षीस काय उगाच मिळालं होतं?

“मोजलंत, आबा?”

“व्हय,” बाबाजी म्हणाले.

“पण तुम्हीच तर म्हणता ना,” जितेशला राहवेना, “दुसरी गोळी तयार असली की पयलीत मन लागत नाय. मग ही आपोआप भरणारी कशाला?”

“दुसऱ्या गोळीसाठी नाय घेत. बोल्ट नाय म्हणून घेतोय.” बाबाजी काठी टेकत उठले. “शेट, काडतुसाची रिकामी पुंगळी कुठं जाते हिची?”

“हा प्रश्न मला वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता,” शेट म्हणाले. “बाकी सगळ्यांची उजवीकडे उडते. हिची सरळ खाली पडते.”

बाबाजींनी रायफल जितेशच्या हातातून घेतली. अंदाज घेत घेत ती डाव्या खांद्याला लावली, डावा गाल दस्त्यावर टेकवला, डाव्या हाताचं बोट चापापर्यंत नेलं. सगळं अवघडून, चुकतमाकत. त्या वेळी त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

“आबा, उलटी धरलीत.”

“सुलटीच हाय.”

आबा जेवतात उजव्या हाताने, कोयता उजव्या हातात धरतात, लहानपणी कानफटातही त्याच हाताने वाजवायचे. बाबाजींनी गाल बाजूला घेऊन दस्त्याचं टोक अंगठ्याने चाचपलं.

“हीच द्या. आन् ह्यो दस्ता बोटभर कापून मिळंल काय? हात आखूड हायेत.”

जितेश बापापेक्षा वीतभर उंच होता. त्याचे हात दुकानाच्या या कपाटापासून त्या कपाटापर्यंत पोचले असते.

दत्तात्रेयशेटनी बापाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि पन्नास वर्षं दुकानात बसलेल्या माणसाने जे करावं तेच केलं. कानावरची पेन्सिल काढून दस्त्यावर बारीक रेघ मारली आणि अर्जाचे दोन कोरे नमुने पुढे केले.

“दोन देतोय, एखादा चुकतो. रायफल परवान्यावर चढवायला हा लागेल. आणि वय झालंय, तर रिटेनरच्या रकान्यात एक नाव घाला. त्या माणसाला मग तुमच्या वतीने हत्यार बाळगता येतं, चालवताही येतं. कायद्याने.”

“त्याच्यासाठीच आलोय,” बाबाजी म्हणाले.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात दोन चहा आले. जितेशने टेबल रुमालाने कोरडं केलं आणि अर्ज पसरला. त्याचं अक्षर चांगलं, कंपनीतलं लॉगबुक वरिष्ठ इतरांना दाखवायचे. वडिलांचं नाव, गाव, परवान्याचा क्रमांक, सगळं त्याने झरझर भरलं. दुकानातल्या डाव्या खांद्याचा विचार त्याने बाजूला सारला. म्हाताऱ्या माणसाच्या लहरी असतात. रिटेनरच्या रकान्यापाशी आल्यावर त्याने पेन झटकलं आणि ‘जि’ लिहिलं.

“चंदर,” बाबाजी म्हणाले.

“काय?”

“चंदरचं नाव घाल तिथं.”

पेन कागदावर होतं तिथेच राहिलं. चहावर साय धरली. शेजारच्या टेबलावर रोह्याची गाडी किती वाजता, यावर दोघांचं वाजलं होतं, ते एकदाचं मिटलं.

“दुसरा कागद घे,” बाबाजी म्हणाले. “त्याच्या नावाला खाडाखोड नको.”

“आबा, चंदर बंदूक वाहतो. बार तुमचा असतो.”

“अकरा वर्षं झाली. बार त्याचा असतो.”

जितेशने पेनचं टोपण लावलं. बाबाजींनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला, प्यायले मात्र नाहीत.

“ह्या उजव्या डोळ्यात काय झालं, कोण जाणे. दत्तात्रेयाच्या दुकानातलं क्यालेंडर मला दिसलं नाय, नुस्ता पांढरा चौकोन दिसला. अकरा वर्षांमागं शेजारच्या प्रविणच्या वालात मोठा डुक्कर शिरला व्हता, आठवतो? माझ्यासमोर एकाचे दोन झाले. मी दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेवर बार टाकला.”

“पयला बार तुम्ही हवेत टाकला व्हता. भेवडवायला.”

“असं गावानं ठरवलं. मी नाय.” बाबाजींनी कप हातातल्या हातात फिरवला. “डुक्कर आमच्यावरच फिरला. मी लटपटलो. चंदरनं हातातून बंदूक ओढली, काडतूस भरलं आन् डाव्या खांद्याला लावून घेतला त्याला, कानामागं. डावरा हाय तो, म्हणून तर बोल्ट नको म्हणलं आन् पुंगळीचं इचारलं. हाळी आली तवा मी त्याला थांबवायच्या आधीच त्यानं उत्तर दिलं, बाबाजीचा.”

“त्यानं तसं का सांगितलं?”

“मग काय सांगणार? परवाना माझा. त्यानं मारला म्हणालो असतो तर त्याला आत टाकला असता.” बाबाजींनी कप खाली ठेवला. “पयल्या वर्षी त्याच्यासाठी गप बसलो. मग माझ्यासाठी.”

हे ऐकून जितेशला बापाचा राग आला, आणि राग आला याची लाजही वाटली. अकरा वर्षं कॅन्टीनमध्ये तो हात उगारून, एक डोळा मिटून, आबा नेम कसा धरतात ते दाखवत आला होता. तोही उजव्या खांद्यावर.

“मला शिकवलं असतंत तर?” तो म्हणाला. “मी व्हतो की.”

“तू आठ दिवस दिवसपाळी, आठ दिवस रातपाळी. डुक्कर शिफ्ट बघून येत नाय.” मग घोगरा आवाज जरा खाली आला. “घर तुझं हाय. शेत तुझं हाय. तू लोकांना जे सांगितलंस त्यातला बारही खराच हाय, तसा बार अख्ख्या तालुक्यात कुणाचा नाय. नाव तेवढं माझं चिकटलं त्याला. आता मिस्त्रीनं जुनी बंदूक मेली म्हणून सांगितलं, तवा म्हणलं, नवी तरी ज्याची त्याच्या खांद्याला बसूदे.”

जितेशने दुसरा कागद ओढला. वडिलांचं नाव, गाव, क्रमांक पुन्हा लिहिलं. रकान्यापाशी येऊन थांबला.

“आडनाव काय त्याचं?”

विचारलं आणि त्याचे कानच तापले. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून त्याने लहानपणी ओढे ओलांडले होते, ज्याला वयाने पंधरा वर्षं मोठा असूनही तो सगळ्या गावासारखा ‘चंदर’ म्हणून हाक मारायचा, त्याचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं. गावात कोणाला लागलंच नव्हतं ते.

“हिलम,” बाबाजी म्हणाले. “चंदर लक्ष्मण हिलम. सावकाश लिही.”

घरी आल्यावर जितेश न जेवता पडून राहिला. संध्याकाळी आई, हौसा, ओटीवर तांदूळ पाखडत होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला आणि सगळं सांगितलं. सुपाची लय जराही चुकली नाही.

“तुला आज कळलं?”

“म्हणजे तुला ठावं व्हतं?”

“बार झाला की दस्ता खांद्याला मारतो. परवाना मिळाल्यापास्नं दर बाराला मी ह्यांच्या खांद्याला तेल चोळलंय, हाताएवढा काळा डाग पडायचा. अकरा वर्षं झाली, खांदा कोरा.” हौसाने फोलपटं उडवली. “बायकोला काय परवाना दाखवायचाय? ते बोलले नायत, मी इचारलं नाय. पण आज मला बरं वाटतं. मान ताठ करून बोलले ना?”

“व्हय.”

“मग झालं.”

जितेशला एक एक आठवू लागलं. दर वर्षी बंदुकीच्या पायलीचे अर्धे वाल पोत्यात भरून बाबाजी त्यालाच मोटारसायकलवरून वाडीत धाडायचे. हाकाऱ्यांची मजुरी असेल, असं तो समजायचा. चंदरची बायको पारी पोतं उतरवून घ्यायची, गुळाचा चहा द्यायची आणि काहीच बोलायची नाही. एवढी सगळी माणसं एका गोष्टीवर गप्प होती, आणि तो एकटा तीच गोष्ट गावभर सांगत सुटला होता.

कलेक्टर कचेरीसाठी अलिबागच्या तीन खेपा झाल्या. कागद हातात आला तेव्हा भात झोडून झालं होतं आणि वालाला फुलं होती. परवान्यावर चंदरचा फोटो होता, टोपी नसलेला, केस पाण्याने चापून बसवलेले. जितेश तो घेऊन स्वतः वाडीत गेला. चंदरने बराच वेळ फोटोकडे पाहिलं.

“ह्यो मीच काय?”

“तूच. तुम्हीच.”

पारीने कागद काढून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवून दिला. चंदर मात्र दुसऱ्या दिवशी बाबाजींकडे आला आणि ओटीखाली उभं राहून म्हणाला, कागद काय म्हणतो ते म्हणूदे, दादा, हाळीला नाव तुमचंच राहील. सवय हाय गावाला. बाबाजींनी मान हलवली. नेहमीसारखीच, म्हणजे काय ते कोणालाच कळलं नाही.

माघात डुकरांनी प्रविणच्या वालात नांगर घातल्यासारखे चर पाडले. वनखात्याचा पास आला. जितेशने रजा टाकली.

फटफटायच्या आधी तिघं माळ्यावर होते. बाबाजी कांबळं पांघरून, चंदर मध्ये, जितेश कडेला. शेंगांवर दव होतं. पलीकडे प्रविणच्या माळ्यावर विडी लागलेली दिसत होती, त्याच्या पुढे आणखी दोन माळे धुक्यात होते. उजेड पांढरा झाला आणि बांधाकडून शेंगा मोडल्याचा आवाज आला. चंदरने फक्त एक बोट वर केलं. रायफल छातीशी घेऊन तो शिडीवरून उतरला तेव्हा शिडी वाजली नाही. जितेश चढला होता तेव्हा ती चांगली कुरकुरली होती.

तो बघत राहिला. साठीला टेकलेला तो बुटका माणूस वालाच्या दोन ओळींमधून पुढे सरकत होता. वारा आला की चालायचा, वारा पडला की थांबायचा. पंचेचाळीस पावलं, तीस, पंचवीस. एकदा डुकराने मुस्कट वर काढलं आणि चंदर होता तिथे एक पाय उचललेला, तसाच उभा राहिला. जितेशने माळ्यावर आपला श्वास धरला आणि मोजू लागला. अकराला त्याचा सुटला. चंदरचा पाय वरच होता.

मग पाय टेकला. रायफल डाव्या खांद्याला गेली. बोटभर कापलेला दस्ता गालाखाली असा बसला की मधून उजेड दिसेना. कुठे घाई नाही की थरथर नाही. बापाचा म्हणून ज्या बाराची ऐट त्याने अकरा वर्षं मिरवली, तो बार त्याने आजवर पाहिलाच नव्हता.

वाळकी काटकी मोडावी एवढाच आवाज झाला. डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर आला आणि कुशीवर कलंडला. दुसरी गोळी आपोआप चढली होती, ती नळीतच राहिली.

“काय दिसलं?” बाबाजींनी कुजबुजत विचारलं.

“पडला. एका बारात. कानामागं.”

बाबाजींच्या चेहऱ्यावर जे आलं, ते जितेशने त्यांच्या स्वतःच्या कौतुकाच्या वेळीही कधी पाहिलं नव्हतं.

“बार कोणाचाऽ?” प्रविणच्या माळ्यावरून हाळी आली.

शेतात उभ्या चंदरने सवयीने छाती भरून घेतली, तोंडाशी हात नेला. माळ्यावर बाबाजींनी आपला हात वर केला, पंजा पसरून. चंदरने तो पाहिला. हात तोंडाशीच थांबला.

धुक्यात काहीच हललं नाही. उत्तर नाही म्हणजे बार चोराचा. दूरच्या माळ्यावर कोणीतरी काठी आपटली.

“बार कोणाचाऽ?” या वेळी हाळीत धार होती.

चंदर एकदा माळ्याकडे, एकदा हाळीच्या दिशेने बघत होता. बाबाजी जितेशकडे वळले. काही मागितलं मात्र नाही. त्या पांढरट डोळ्याला लेकाचा चेहरा कितपत दिसत होता, देव जाणे.

जितेश उठला. माळा डुगडुगला. गेली कित्येक वर्षं याच हाळीला द्यायचं उत्तर त्याने मनातल्या मनात घोकून ठेवलं होतं. ते त्याने गिळलं आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

“चंदर हिलमचाऽ!”

मग प्रविणचा गोंधळलेला आवाज आला, “कोणाचाऽ?”

“चंदर हिलमचाऽ!” जितेश ओरडला, कंपनीच्या भोंग्याला मागे टाकील असा. “परवान्याचा बार हाय! चंदर लक्ष्मण हिलमचाऽ!”

मग प्रविणने ते पुढच्या माळ्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. लक्ष्मण वाटेत गळलं, पण आडनाव टिकलं. धुक्यातून ते लांब लांब जात वेशीकडे निघालं.

बाबाजींनी कांबळं सारखं केलं आणि काठी शोधू लागले. खाली वालात चंदरने रायफलीतल्या गोळ्या काढून खिशात घातल्या आणि रिकामी पुंगळी शोधायला तो वाकला. ती सरळ त्याच्या पायाशीच पडली होती, माळ्यावरून जितेशला चमकताना दिसत होती. बाहीने डोळे पुसणाऱ्या चंदरला ती बराच वेळ सापडली नाही.